मागून येऊन राह्यले

बुधरी पुंगाटीला तुम्ही कधी विचारलंत, की बाई, तू इतक्या वेळा विमानात बसलीस, तेही पुढच्या त्या रुंद खुर्च्यांच्या भागात, कसं वाटतं? तर ती थोडा वेळ विचार करेल आणि म्हणेल, "एसी लय राह्यते." झालं. नागपुरात तिच्याबरोबर एका खोलीत मी सात वर्षं काढली आहेत. तिच्या तोंडून ह्यापुढचा एक शब्द जो काढून दाखवील त्याला मी पोटभर जेवू घालीन.

मी दीपिका, ब्रह्मपुरीची. आम्ही दोघी नर्स. मी अजून हॉस्पिटलच्या आयसीयूतच घासते आहे. बुधरी भामरागडच्या पलीकडची, नदी ओलांडून नऊ किलोमीटर आत तिचं गाव. आश्रमशाळेत शिकली, गडचिरोलीला नर्सिंग केलं, आधी माझ्याच हॉस्पिटलात होती, आणि चार वर्षांपूर्वी एका कंपनीत लागली. आजारी माणसांना एका देशातून दुसऱ्या देशात घेऊन जाणं हे त्या कंपनीचं काम. पेशंटला पाय लांब करून झोपता आलं पाहिजे म्हणून बिझनेस क्लासची दोन तिकिटं काढतात, एक पेशंटचं, एक नर्सचं. पेशंट झोपतो, बुधरी बसून असते. चौदा-चौदा तास ती परक्या माणसाच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा पाहत असते. फ्रँकफर्ट, टोरांटो, दुबई, सगळीकडे जाऊन आली. फ्रँकफर्टबद्दल तिला एवढंच सांगता येतं की तिथली लिफ्ट मोठी आहे, व्हीलचेअर आडवी मावते.

मला ह्याचा राग येतो, खरं सांगते. अगं, लोक त्या खुर्चीत एकदा बसायला मिळावं म्हणून झुरतात! हवाईसुंदरी गरम टॉवेल आणून देते, तर ही त्या टॉवेलनं आधी पेशंटचं तोंड पुसते, मग त्याचे हात पुसते आणि घडी घालून परत देते. जेवणाचं छापील कार्ड येतं, ते न वाचताच "भात" म्हणते. क्रीम आणि मोज्यांच्या छोट्या पिशव्या मिळतात, त्या माझ्या कपाटात फेकते. दोह्याच्या विमानतळावर एक भलंमोठं पिवळं अस्वल बसवलेलं आहे, लोक त्याच्यापुढे फोटो काढायला रांग लावतात. बुधरीनं ते पाहिलं आणि मला येऊन सांगितलं, "अस्वल असं बसत नाई." मोहफुलं वेचताना तिच्या मावशीचा अर्धा चेहरा अस्वलानं नेला आहे.

ती निर्विकार आहे असं हॉस्पिटलमध्ये सगळे म्हणायचे. पेशंट गेला की आम्ही निदान हातातला चहा टाकून देतो, ही तो पिऊन कप धुऊन ठेवायची. मी एकदा तोंडावर म्हटलं, "बुधरी, तुले काईच नाई वाटत का?" ती म्हणाली, "वाटत असंन. मले सापडत नाई."

तर हिला गुणवंतरावांचं काम मी मिळवून दिलं. आता त्याबद्दल सांगते.

गुणवंतराव रामटेके म्हणजे ब्रह्मपुरीत आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून राहणारे गणिताचे मास्तर. अडीचकीचा पाढा चुकला तर ते मारत नसत, नुसते चष्म्यावरून बघत, आणि त्यापेक्षा छडी बरी वाटे. त्यांची बायको गेली, तेव्हा एकुलता एक मुलगा राजदीप त्यांना शिकागोला घेऊन गेला. दोन वर्षं तिथं काढली. मग फुफ्फुसात कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी हात टेकले, महिना-दीड महिना म्हणून सांगितलं. राजदीपनं मला फोन केला. बाबांना ब्रह्मपुरीला जायचंय म्हणाला. मी विचारलं, "तू सोबत येशील ना?" तर म्हणाला, "ताई, माझे व्हिसाचे कागद अडकले आहेत. आता बाहेर पडलो तर परत आत येता येईल की नाही सांगता येत नाही. घर आहे, पोरगी शाळेत आहे." मी मनात बरंच बोलले. तरी कंपनीचा नंबर दिला आणि सांगितलं की बुधरी नावाच्या नर्सला मागून घे, आपल्याकडची आहे, सरांना भाषा तरी कळेल.

पुढचं मला बुधरीनं सांगितलं. ती सांगते म्हणजे ड्यूटी बदलताना वहीतून वाचून दाखवावं तसं सांगते, त्यामुळे त्यात तिखटमीठ नाही. जे आहे ते माझं.

शिकागोच्या विमानतळावर राजदीप काउंटरपर्यंत आला. वडिलांच्या मफलरची गाठ नीट केली, पायाला हात लावला, आणि तपासणीच्या दाराशी थांबला, कारण त्याच्यापुढे तिकीट असलेल्यांनाच सोडतात. गुणवंतरावांना गुंगी होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर ऑक्सिजनचं छोटं यंत्र, बोटाला ते आकड्याचं. विमान वर चढून सरळ झालं, बुधरीनं त्यांची खुर्ची आडवी केली, पांघरूण घातलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मान वळवून मागं बघायचा प्रयत्न केला. त्या खुर्च्यांना दोन्ही बाजूंनी उंच भिंती असतात, मागचं काही दिसत नाही.

"राजू कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

बुधरी यंत्रावरचा आकडा बघत होती. अठ्ठ्याऐंशी होता, म्हणजे कमीच. आकड्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "मागून येऊन राह्यले जी."

हे तिनं का म्हटलं ते समजायला तिच्या गावची एक रीत माहीत हवी. पावसाळ्यात तिकडचे नाले भरले की आजाऱ्याला खाटेवर घालून खांद्यावरून भामरागडला नेतात. चौघं उचलतात, चौघं खांदा बदलायला सोबत असतात, आणि उशाशी एक जण चालतो, त्यानं फक्त बोलायचं. वाट एका माणसापुरती. खाटेवरच्याला वर बांबू दिसतात, मागचं काही दिसत नाही. तो विचारतो, कोण कोण आलं? उशाशी चालणाऱ्यानं सांगायचं, समदे मागून येऊन राह्यले. बहुतेक वेळा ते खरंच असतं, अर्धं गाव मागं चालत असतं. आणि नसलं, तरी माणूस दवाखान्यापर्यंत धीर धरतो. बुधरी बारा वर्षांची होती तेव्हा तिच्या बापाला नेलं. आई नुकतीच बाळंत झालेली, ती घरीच होती, आणि बुधरीनं नऊ किलोमीटर बापाला सांगितलं की आई मागून येऊन राह्यली. बाप पोचला, बरा झाला, अजून आहे. त्याला ह्यात कुणी फसवलं असं आजवर वाटलेलं नाही.

एवढंच की जंगलात खाट कुणासाठी थांबत नाही. दोह्याला मात्र विमान बदलायचं, म्हणजे तीन तास थांबायचं, आणि मागून येणाऱ्याला गाठायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. हे तिच्या ध्यानात आलं नाही. गणिताच्या मास्तरांच्या मात्र आलं.

तिच्या शब्दांनी गुणवंतराव एकदम हुशार झाले. "मागच्या विमानानं का?" म्हणाले. बुधरी "हो" म्हणाली. मग त्यांनी दोन चमचे सूप घेतलं, जे शिकागोत आठवडाभर घेतलं नव्हतं. हवाईसुंदरीला इंग्रजीत सांगितलं की माय सन इज कमिंग बिहाइंड. ती गोड हसली. चौदा तासांत त्यांनी चारदा घड्याळ विचारलं. आकडा ब्याण्णवपर्यंत गेला आणि बुधरीनं तो वहीत लिहिला.

दोह्याला व्हीलचेअर दारात तयार होती. सरकते पट्टे, लिफ्ट, पुन्हा पट्टा, ढीगभर माणसं, पन्नास भाषा, आणि ती आजारी माणसांसाठी वेगळी ठेवलेली शांत खोली. तिथं गुणवंतरावांनी चष्मा मागितला आणि भिंतीवरच्या पाटीवर येणारी विमानं वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते.

"शिकागोहून पुढचं विमान उद्या याच वेळेले आहे," शेवटी ते म्हणाले.

"हो जी."

"मंग उद्या जाऊ."

बुधरी म्हणाली, "सर, आपलं विमान आत्ता आहे."

"राजू आल्याशिवाय मी चढत नाई, बाई." आणि त्यांनी व्हीलचेअरचा ब्रेक दाबून धरला. हाडांचा सापळा झालेला माणूस, पण ती पकड सुटेना. ढकलायला आलेला माणूस बाजूला झाला. गेटवरून रेडिओ हातात घेतलेली एक बाई आली आणि म्हणाली, पेशंट तयार नसेल तर आम्ही त्याला विमानात घेऊ शकत नाही. वीस मिनिटं आहेत. नाहीतर आम्ही इथल्या हॉस्पिटलला फोन करतो.

आता ह्याचा अर्थ बुधरीला नीट माहीत होता. ऑक्सिजन यंत्राच्या बॅटऱ्या जेमतेम सहा तासांच्या उरल्या होत्या. एकदा त्या परक्या हॉस्पिटलात त्यांना घातलं की त्यांना पुन्हा विमानात चढवायला कुठलाही डॉक्टर सही देणार नव्हता. ब्रह्मपुरीचा माणूस दोह्याच्या खाटेवर, काचेच्या खिडकीकडे बघत मेला असता, आणि कारण बुधरीचं एक वाक्य. मी तिला विचारलं, तेव्हा तू घाबरलीस का? ती म्हणाली, "नाई. मी टाइम पाह्यला."

तिनं राजदीपला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो ऑफिसात होता. बुधरीनं सरळ सांगितलं, "साहेब, माझ्यानं चूक झाली. तुमी मागून येऊन राह्यले असं मी बाबाजीले सांगून बसली. आता ते चढत नाई. तुमी त्याहिले खरं सांगा, का तुमी नाई येऊन राह्यले. तुमचं आयकतीन."

राजदीप म्हणाला, "द्या त्यांना."

तिनं फोन त्यांच्या कानाशी धरला. तिलाही ऐकू येत होतं. राजदीप म्हणाला, "बाबा, तुम्ही पुढं व्हा. मी येतोच मागून."

गुणवंतरावांनी ब्रेक सोडला.

हे ऐकून मी नागपूरच्या आमच्या खोलीत हातातलं उलथणं आपटलं होतं. म्हटलं, कसला नालायक पोरगा! बुधरी म्हणाली, "नालायक नाई. मी बोलली तेच तो बोलला." आणि तिनं तव्यावरची पोळी उलटली, कारण मी ती करपवून ठेवली होती.

असो. नागपूरला उतरल्यावर उमरेड, भिवापूर, नागभीड करत ॲम्ब्युलन्स उजाडता उजाडता ब्रह्मपुरीला पोचली. शेजारच्या रुखमाबाईंनी घर झाडून, सारवून ठेवलं होतं, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली होती. बुधरीनं कागदावर रुखमाबाईंची सही घेतली, म्हणजे पेशंट पोचला, काम संपलं. ती पहिल्या बसनं नागपूरला परत आली आणि सोळा तास झोपली.

चौथ्या दिवशी मीच तिला फोन केला. मी रजेवर गावी गेले होते आणि सरांना बघून आले होते. मी म्हटलं, "बुधरी, तुझे सर औषध घेऊन नाई राह्यले."

दुखण्यावरचं ते औषध घेतलं की झोप लागते. गुणवंतराव म्हणत, झोप लागली आणि राजू आला तं? रुखमाबाई हात जोडायच्या, मी रागवायचे, डॉक्टर येऊन समजावून गेले. ते ओठ मिटून घ्यायचे. दात असे आवळायचे की जबड्याची हाडं वर यायची. दारात जीप वाजली की मान वर करायचे. रात्रंदिवस कण्हणं चालू, आणि संध्याकाळी राजदीपचा व्हिडिओ कॉल आला की हा माणूस उशीला टेकून बसायचा, चेहरा सरळ करायचा. राजदीप म्हणायचा, "बाबा, तिकीट बघतोय. येतोच." कॉल बंद झाला की पुन्हा कण्हणं. रुखमाबाई मला म्हणाल्या, "कोणी सांगतलं वो यायले, का पोरगा येऊन राह्यला म्हणून? त्या माणसाचे हाल पाहा म्हणा येऊन."

बुधरीला टोरांटोचं काम लागलं होतं. तिनं ते सोडलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रह्मपुरीला आली. पिशवी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि सरांच्या उशाशी बसली. मी दारात उभी होते. मला वाटलं, ही आता काहीतरी गोड बोलून औषध पाजेल. तिला ते येतं, भल्याभल्यांना तिनं पाजलं आहे.

ती म्हणाली, "सर, मी बुधरी. मी विमानात खोटं बोलली होती. मागून कोणीच नाई येऊन राह्यलं. राजदीपभाऊ नाई येऊ शकत. त्यायले तिकून निघता येत नाई."

रुखमाबाईंनी "अवो बाई!" म्हणत तोंडावर पदर धरला. मला तर बुधरीला ओढून बाहेर काढावंसं वाटलं. इतकं कोरडं कुणी सांगतं का?

गुणवंतराव तिच्याकडे बघत राहिले. चष्मा नव्हता, तरी ती नजर मी ओळखली, पाढा चुकल्यावरची. मग ती नजर हळूहळू खाली आली.

"मंग तो फोनवर काऊन म्हणते?" त्यांनी विचारलं.

"माझ्यापासून सुरू झालं जी. आता त्याले थांबवता येऊन नाई राह्यलं."

त्यांनी उशीवर मान टेकली. म्हणाले, "दे मंग औषध."

तिनं दिलं. त्यांनी ते घेतलं, पाणी घेतलं, आणि तिचं मनगट धरलं. "पोरी, त्याले सांगू नको, का मले समजलं म्हणून. येतोच म्हणते तं त्याले बरं वाटत असंन."

त्यानंतर ते सतरा दिवस जगले. बुधरी तिथंच राहिली, मी सुट्टी मिळाली की येत होते. दिवसातला बराच वेळ ते झोपेत असत, कण्हणं थांबलं होतं. संध्याकाळी राजदीपचा फोन यायच्या आधी बुधरी त्यांना उठवायची, तोंड पुसायची, चष्मा लावायची. तो म्हणायचा, "बाबा, पुढच्या आठवड्यात नक्की." हे म्हणायचे, "हो, ये. घाई नको करू." एकदा तर म्हणाले, "येताना तुझं स्वेटर आण, इथी थंडी पडून राह्यली." सप्टेंबर महिना होता, धान निसवायला आलं होतं, अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. मी बाहेर जाऊन अंगणात उभी राहिले. मला आत थांबवेना. बुधरी फोन धरून उभी होती.

अठराव्या दिवशी सकाळी ते गेले. पांढरे कपडे घातलेली माणसं जमली, त्रिसरण झालं, पंचशील झालं. राजदीप फोनवरून सगळं बघत होता. रुखमाबाईंच्या नातवानं फोन उंच धरला होता. आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा त्यानं बुधरीला फोन लावला. मी शेजारीच होते. त्याला नीट बोलता येत नव्हतं, मधेच तुटत होतं. आत्तापर्यंत त्याच्यावर मी किती दात खाल्ले होते, पण ते रडणं ऐकवेना.

तो म्हणाला, "बुधरीताई, एकच सांगा. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं ना, की मी येतोय?"

बुधरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

"हो जी," ती म्हणाली. "वाट पाहून राह्यले होते."

मग तिनं फोन ठेवला, सामान भरलं, उरलेली औषधं मोजून डॉक्टरांकडे पोचवली आणि तीनच्या नागपूर बसमध्ये बसली. दोन दिवसांनी तिला परत एक पेशंट घेऊन निघायचं होतं, कुठं ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी तिला स्टँडवर सोडून घरी आले, अंघोळ केली, चहा टाकला.

साडेचारच्या सुमारास तिचा फोन आला. बसचा खडखडाट, कंडक्टरचा आवाज, आणि त्यात बुधरी.

"दीपिका."

"काय झालं?"

"नागभीड सोडल्यापासून मले रडू येऊन राह्यलं. थांबूनच नाई राह्यलं. बसमधले समदे पाहून राह्यले." एवढं ती नेहमीसारखंच बोलली, वहीतून वाचल्यासारखं, मग तिचा श्वास अडकला. "असं पैले कधी झालं नोहतं. काय करू?"

मी नर्स आहे, माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. त्या वेळी एकच सुचलं.

"रड," मी म्हटलं. "मी फोनवर आहो."

नागपूर येईपर्यंत मी फोन ठेवला नाही.